लिबरेटरच्या किटपायी १५,७५० रुपये गेले. जुनं किट घेणाऱ्यांनी वाचावं

रक्कम आधी सांगतो, कारण पोलीस ठाण्यात प्रत्येकाला तीच किरकोळ वाटली. १५,७५० रुपये. त्यात मला बी-२४ लिबरेटर या महायुद्धातल्या बॉम्बर विमानाचं, भाग जोडून मॉडेल बनवायचं किट (१/४८ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढं, आता बाजारात न मिळणारं), भारतीय हवाई दलाचे डीकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची चिन्हं) आणि रेझिनची चाकं मिळणार होती. आगाऊ पैसे घ्यायचे आणि नंबर बंद करायचा, ही पद्धत तुम्हाला ठाऊक आहे, मलाही होती. या माणसाने तसं केलं नाही. त्याने पार्सल पाठवलं, आणि त्या पार्सलमुळेच माझी तक्रार आज कुठेही उभी राहत नाही.

लिबरेटरच का, तेही सांगायला हवं, कारण त्याने तेच हेरलं. माझे वडील हवाई दलात इंजिन फिटर होते, पुण्याला, ६ नंबर स्क्वाड्रनमध्ये. १९५१ पासून ही स्क्वाड्रन लिबरेटर घेऊन समुद्रावर टेहळणी करत असे. ही विमानं आपल्याला कुणी धड अवस्थेत दिलेली नव्हती. महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी ती कानपूरला सोडली, आणि पुन्हा कुणी उडवू नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून सोडली. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्या भंगारातून एकेक विमान उभं केलं, कानपूरहून बंगळूरला उडवत नेलं, आणि १९६८ पर्यंत ती आपल्या सेवेत राहिली. १९७४ मध्ये त्यातलंच एक इथून उडत इंग्लंडला गेलं आणि तिथल्या हवाई दलाच्या संग्रहालयात ठेवलं गेलं. एवढा इतिहास असूनही दुकानातल्या डब्यात डीकल येतात ते बहुतेक वेळा अमेरिकन किंवा ब्रिटिश. आपल्या हवाई दलाचा केशरी-पांढरा-हिरवा गोल लावायचा तर वेगळे डीकल शोधत बसावं लागतं.

हे सगळं मी मॉडेल बनवणाऱ्यांच्या ग्रुपवर लिहिलं होतं, वडिलांच्या स्क्वाड्रनसकट. काय शोधताय ते जरूर लिहा. का शोधताय ते लिहू नका.

लगेच मेसेज आला. "काका, सहा नंबर स्क्वाड्रनचे डीकल आहेत माझ्याकडे. किटही आहे, डबा फक्त एकदा उघडलाय." पुढचं बोलणं अस्सल मॉडेलवाल्याचं होतं. लिबरेटरला पुढचं चाक असतं, त्यामुळे नाकात भरपूर वजन टाकलं नाही तर मॉडेल शेपटीवर बसतं, हे त्याने आपणहून सांगितलं. इंजिनांची कव्हरं गोल नसून आडवी लांबट असतात, तिथे सांधा घासताना आकार बिघडवू नका म्हणाला. उघड्या पत्र्याचा रंग देण्याआधी खाली चकचकीत काळा द्या, हेही त्यानेच सांगितलं. भामट्याला एवढं माहीत असेल असं कोण धरून चालेल? या छंदात आपण माणूस पारखतो तो असल्याच बोलण्यावरून.

हिशोब असा. किट ९,५००, डीकल आणि चाकं ३,२००, कुरिअर ६५०, एकूण १३,३५०. आधी ६,००० पाठवले. उरलेले ७,३५० पार्सलची पावती दिसल्यावर. खातं दुसऱ्याच नावावर होतं, "बायकोचं आहे" म्हणाला. त्यानंतर नाजूक माल म्हणून विम्याची अनामत २,४००, पोचल्यावर परत. विमा उतरवायचा तर तो पैसा कुरिअरच्या पावतीवर दिसतो. विकणाऱ्याच्या बायकोच्या खात्यात तो कशाला जाईल?

पण खरा क्षण त्याआधीचा आहे, आणि तो आठवला की अजून डोकं तापतं. पहिले सहा हजार देण्यापूर्वी मी स्प्रूचे, म्हणजे किटचे सुटे भाग ज्यांना जोडलेले येतात त्या चौकटींचे, फोटो मागितले होते. त्याने पाठवले. त्यात पारदर्शक भागांची स्प्रू होती आणि तिच्यावर नाकाची काच स्पष्ट दिसत होती: चौकटी-चौकटींची, पुढे निमुळती. ही डी प्रकाराची काच. आपल्याकडची लिबरेटर जे आणि एल प्रकारची, त्यांच्या नाकावर मशीनगनचं फिरतं टरेट. डब्यावरच्या चित्रात टरेट, स्प्रूवर काचेचं नाक. मला ते दिसलं. मी विचारलंही. "काका, या डब्यात दोन्ही नाकं येतात, दुसरी स्प्रू खालच्या पिशवीत आहे." काही किटमध्ये दोन पर्याय खरोखरच येतात, त्यामुळे उत्तर पटण्यासारखं होतं. पण खालच्या पिशवीचा फोटो मागायला किती वेळ लागला असता? त्याच वेळी त्याने डीकलच्या कागदाचा फोटो टाकला, त्यावर ते गोल, आणि विषय तिथेच संपला. फोटो त्याने बरोबर वेळ साधून टाकला होता, हे आता कळतं. एका प्रश्नाचं उत्तर अर्धं असताना समोरून दुसरी हवीहवीशी गोष्ट आली तर तिकडे बघू नका. आधीचा फोटो आधी घ्या.

डबा खरा होता. आत १/७२ चे पंख. १/४८ मध्ये या विमानाचा पंखविस्तार ७० सेंटिमीटरच्या आसपास भरतो, १/७२ मध्ये जेमतेम ४७. मोजपट्टी न लावताही कळतं. फ्यूजलाजचा, म्हणजे विमानाच्या धडाचा, एकच अर्धा भाग, तोही भलत्याच विमानाचा. काचेचे भाग नाहीतच, चाकं नाहीत, वजन भरायला वर्तमानपत्रं. आणि डीकल? साध्या कागदावरची रंगीत झेरॉक्स. कोपरा कापून पाण्यात टाकला, लगदा झाला.

मग सुरू झाला दुसरा छळ. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर फोन केला, तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: "पार्सल मिळालं ना? मग फसवणूक कसली? माल खराब निघाला, हा दिवाणी वाद." शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "या वयात विमानाचं खेळणं?" मी काय विकत घेतो याचा आणि माझ्या वयाचा तपासाशी काय संबंध? चोरी झालेली वस्तू साहेबांना आवडली तरच गुन्हा नोंदवणार का? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक म्हणजे काय ते लिहिलेलं आहे. खोटं सांगून पैसे द्यायला लावणं त्यात येतं, मागून रद्दी पाठवली म्हणून ते धुऊन निघत नाही. मग म्हणाले, आरोपी परराज्यातला, तिकडे जा. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. ते वाचून दाखवल्यावर अर्ज घेतला. अर्ज, एफआयआर नव्हे.

बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं ग्राहक संरक्षणाचं परिपत्रक ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे, फसवून करायला लावलेल्या व्यवहारांना ते लागू नाही म्हणे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर उत्तर मिळालं की विकणारा व्यापारी नाही, खासगी माणूस आहे. कुरिअरवाल्यांनी "वजन जुळतं, माल पोचला" असं लिहून दिलं. म्हणजे भामट्याच्या बाजूने एकमेव कागद, तोही मीच मिळवून दिलेला.

त्याच्या नजरेतून बघितलं तर ६५० रुपयांच्या कुरिअरमध्ये त्याने माझी सगळी कलमं विकत घेतली, आणि तेही पैसे माझेच.

म्हणून डबा उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, सीलपासून शेवटच्या स्प्रूपर्यंत. माझ्याकडे तो नाही आणि प्रत्येक टेबलावर तोच मागितला. विकणाऱ्याला सगळ्या स्प्रू एका चौकटीत ठेवून, शेजारी त्या दिवशीची तारीख हाताने लिहून फोटो काढायला सांगा. सबबी सांगू लागला तर सोडून द्या, किट कितीही दुर्मिळ असो. खात्यावरचं नाव वेगळं असेल तर एक रुपयाही नाही. संवाद पुसू नका; त्याने पुसायच्या आत स्क्रीनशॉट घ्या, माझ्या बाजूचे फोटो त्याने "सर्वांसाठी डिलीट" केले.

आणि लिबरेटर, लँकेस्टर किंवा कुठलंही जुनं बॉम्बरचं किट याच पद्धतीने विकून कुणाला रद्दी पाठवली गेली असेल, तर रक्कम छोटी म्हणून गप्प बसू नका. आपापल्या ठाण्यात वेगळी तक्रार द्या, तिच्यात पैसे गेले ते खातं आणि यूपीआय आयडी लिहा. एकाच खात्यावर चार तक्रारी आल्या की त्याला दिवाणी वाद म्हणणं त्यांना जड जाईल.