कॉलेजचा जर्नल डेटाबेस: जुनं सगळं हाताशी, ताजं मात्र वर्षभर कुलुपात (५ पैकी २.५ स्टार)

मी विनाअनुदानित कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, सोबत पीएचडी चालू आहे, विषय शेतमालाचे बाजार. आमच्या लायब्ररीने दोन वर्षांपूर्वी एक मोठा परदेशी डेटाबेस घेतला, म्हणजे हजारो संशोधन जर्नलांमधले पेपर ऑनलाइन वाचायची सोय. नाव मुद्दाम देत नाही, कारण हा प्रकार काही एकट्या त्यांच्याकडेच नाहीये.

आधी चांगलं सांगते. सर्च फास्ट आहे, घरून लॉगिन होतं, पीडीएफ स्वच्छ येते. ज्या जुन्या पेपरांसाठी मी एसटीने पुण्याला जाऊन जाडजूड बाइंडिंग केलेले खंड चाळायचे ते आता रात्री अकराला पोरं झोपली की घरबसल्या मिळतात. याचे पूर्ण मार्क.

पण नवीन पेपर! नाव दिसतं, सारांश दिसतो, अगदी माझ्याच विषयावरचा असतो, आणि जिथे पीडीएफचं चिन्ह हवं तिथे बारीक अक्षरात एक ओळ, प्रकाशकाच्या अटीमुळे १२ महिने फुल टेक्स्ट (अख्खा पेपर) मिळणार नाही. यालाच एम्बार्गो म्हणतात. आणि हे १२ महिने अंकाच्या तारखेपासून मोजतात, म्हणजे पेपर प्रकाशकाच्या साइटवर अंकाच्या सहा महिने आधी आला असेल तर आपल्या हातात यायला दीड वर्ष.

खरा घात झाला तो पुढेच. मला सर्च करताना 'फुल टेक्स्ट' वर टिक करायची सवय होती. ती टिक केली की एम्बार्गोतले पेपर यादीत येतच नाहीत, आहेत हेच कळत नाही. दीड वर्ष मी समजत होते की या मुद्द्यावर अलीकडे कुणी लिहिलंच नाहीये, तसं प्रकरणात लिहूनही टाकलं, आणि प्रगती अहवालाच्या वेळी माझ्या गाइड सरांनी विचारलं, "अगं, गेल्या वर्षीचे ते दोन पेपर पाहिले नाहीस का?" अख्खं प्रकरण परत लिहावं लागलं. तेव्हा ती टिक आधी काढा, मग शोधा.

नंतर आमच्या ग्रंथपाल सरांनी डेटाबेस कंपनीची टायटल लिस्ट, म्हणजे त्यातल्या जर्नलांची यादी, एक्सेलमध्ये उघडून दाखवली. त्यात उजवीकडे लांब सरकत गेलं की एक कॉलम येतो, फुल टेक्स्ट किती महिने उशिरा मिळणार त्याचा. माझ्या विषयाच्या जर्नलांपुढे १२, १२, १८, १२. विकताना सांगतात इतके हजार फुल टेक्स्ट जर्नल, आणि हा कॉलम कुणी उघडून दाखवत नाही.

प्रकाशकांची बाजू कळते मला. ताजा अंक डेटाबेसमध्ये लगेच मिळाला तर लायब्रऱ्या थेट वर्गणी बंद करतील ही त्यांची भीती. जेस्टोर या दुसऱ्या डेटाबेसवर तर बऱ्याच जर्नलांची भिंत, म्हणजे अलीकडचे अंक न मिळण्याचा काळ, ३ ते ५ वर्षांची असते, पण ते १९९५ ला सुरूच झालं जुन्या अंकांसाठी, आणि कुठपर्यंतचे अंक आहेत ते जर्नलच्या पानावर लिहिलेलं असतं. तिथे फसल्यासारखं वाटत नाही.

तोवर काय करायचं? गूगल स्कॉलरवर पेपरखाली 'ऑल व्हर्जन्स' बघा, कधीकधी लेखकाच्या विद्यापीठाच्या साइटवर कॉपी सापडते. ब्राउझरला अनपेवॉल हे मोफत कॉपी शोधणारं एक्स्टेन्शन लावून ठेवा, मोफत कॉपी असेल तर हिरवं कुलूप दिसतं. नाहीतर सरळ लेखकाला मेल टाका, मला एकांनी दुसऱ्या दिवशी पीडीएफ पाठवली, वर दोन ओळी शुभेच्छांच्या.

सरकारी विद्यापीठातल्या मैत्रिणीला हा त्रास बराच कमी झालाय. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्राच्या योजनेतून १ जानेवारी २०२५ पासून ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल सरकारी संस्थांना मिळतात, तीन वर्षांचे ६,००० कोटी केंद्राने मंजूर केलेत. चांगलंच झालं, पण आमच्यासारखी खाजगी कॉलेजं त्यात अजून नाहीत आणि पीएचडी करणारी माणसं आमच्याकडेही आहेत ना.

मार्चमध्ये आमचं रिन्यूअल आहे. मला लागणाऱ्या अकरा जर्नलांची यादी, प्रत्येकापुढे उशिराचे महिने लिहून, मी ग्रंथपाल सरांकडे दिलीय. कंपनीचा माणूस आला की ती त्याच्यापुढे ठेवून मगच पैशाचं बोलायचं असं सर म्हणालेत.