ऑटोक्रॉससाठी जुनी मस्टँग घ्यावी की कमॅरो?

1965-66 ची फोर्ड मस्टँग आणि 1967-69 ची शेवरले कमॅरो. दोन्हींचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 108 इंच, दोन्हींना मागे पाट्यांच्या स्प्रिंगा. यांतली एखादी घेऊन अमेरिकेत एससीसीए या मोटरस्पोर्ट क्लबच्या ऑटोक्रॉसला, म्हणजे मोकळ्या जागेत कोन मांडून एकेका गाडीने वेळेविरुद्ध धावायच्या शर्यतीला उतरायचं असेल, तर इंजिनाची चौकशी नंतर. आधी गाडी कुठे पिळते ते बघा. सांगाडाच पिळत असेल, तर महागड्या स्प्रिंगा-शॉक घालूनही हाताला काही लागत नाही.

कमॅरोचं दुखणं एकाच जागी आहे. इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन पेलणारी सबफ्रेम वेगळी असते; रबरी बुशवर (गाद्यांवर) बोल्टांनी बॉडीला जोडलेली. ती पुढच्या सीटच्या आसपास संपते आणि मागचे रेल, म्हणजे सांगाड्याचे लांब तुळयांसारखे भाग, बरेच मागे सुरू होतात. मधे उरतो फ्लोअरचा पत्रा आणि दारांखालचे रॉकर. त्यामुळे उपायही सरळ आहे: रबराच्या जागी अॅल्युमिनियमचे बुश, आणि सबफ्रेमपासून मागच्या रेलपर्यंत कनेक्टर, म्हणजे दोन्ही जोडणाऱ्या पोलादी पट्ट्या. कनेक्टर नट-बोल्टचेही मिळतात, पण मी वेल्डचेच घ्या म्हणेन. फक्त रबरी बुश तसेच ठेवून वेल्ड करू नका. सबफ्रेम हलू पाहते, कनेक्टर हलू देत नाही आणि वेल्डच्या टाक्यांना तडे जातात.

मस्टँगला वेगळी सबफ्रेम नाही. पण पुढचे आणि मागचे रेल जोडणारे कनेक्टर तिलाही लागतातच, शिवाय पुढची स्प्रिंग वरच्या आर्मवर (चाक धरणाऱ्या वरच्या दांड्यावर) बसत असल्याने सगळा मार शॉक टॉवरवर, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या उभ्या खांबांवर येतो. जुन्या गाडीत तिथे तडे हमखास शोधा. टॉवरना विंडशील्डखालच्या भागाला बांधणारा एक्स्पोर्ट ब्रेस आणि दोन्ही टॉवरना जोडणारा मॉन्टे कार्लो बार स्वस्तात बसतो. त्याहून स्वस्त म्हणजे वरच्या आर्मची भोकं 1 इंच खाली घेणं. कॅरोल शेल्बीच्या कंपनीने 1965 च्या जीटी350 ला, म्हणजे मस्टँगच्या शर्यतीसाठी सुधारलेल्या आवृत्तीला हेच केलं होतं. ड्रिल आणि टेम्प्लेट एवढ्याच खर्चात गाडीचं वळणं इतकं सुधारतं, की कमॅरोवाल्यांनी हेवा करावा.

पण मस्टँगचा गंज लबाड. विंडशील्डखालच्या काउलमध्ये तो आतून खातो, बाहेरून दिसत नाही. विकत घेताना काउलच्या जाळीत बादलीभर पाणी ओता आणि आत पाय ठेवायच्या जागी थेंब पडतात का बघा. विकणारा नको म्हणाला, तर उत्तर मिळालंच.

वेल्डिंग दोन्हींत गाडीचं वजन चाकांवर किंवा अॅक्सलवर ठेवूनच. मधोमध स्टँड लावून वेल्ड केलं तर आलेला बाक कायमचा, मग दारं नीट लागत नाहीत.

क्लबच्या पातळीवर, बेताच्या पैशांत मजा करायची तर मस्टँग: वजनाने हलकी, अरुंद वळणांत चपळ. सीएएम (क्लासिक अमेरिकन मसल) या एससीसीएच्या वर्गात निकालासाठी झगडायचं असेल तर कमॅरो. तिथे टायर किमान 200 ट्रेडवेअरचे (झीज सोसण्याचा आकडा; जास्त म्हणजे कडक रबर) लागतात, म्हणजे पकड रुंदीतून काढावी लागते, आणि रुंद टायरला कमॅरोत जागा जास्त. शॉक टॉवर नसल्याने मोठं इंजिनही सुखाने बसतं. कोणतीही घ्या, हार्डटॉप मिळत असताना कन्व्हर्टिबलच्या नादी लागू नका.