भाकर सोडू, दूध सोडू, की नुसती माळ पुरे?

मागच्या महिन्यात माझ्या भासऱ्यांची शुगर निघाली. पंचवीस वर्षांचे माळकरी; अंडंसुद्धा कधी तोंडाला लावलं नाही. रिपोर्ट हातात धरून त्यांनी एवढंच विचारलं, "मी तर पक्का शाकाहारी. मग मले कशी झाली?" मी तालुक्याला गृहविज्ञान शिकवते, म्हणून घरातले असे प्रश्न माझ्याकडेच येतात. त्याच आठवड्यात वर्ध्याच्या नणंदोयांचा फोन आला: भाकर-भात बंद करा, मी तीन महिन्यांत आठ किलो उतरलो. पुण्याहून आलेली धाकट्या दिराची पोरगी म्हणाली, "मोठे बाबा, दूधही सोडा, व्हीगन व्हा."

अशा कात्रीत आज गावोगावी माणसं सापडली आहेत, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

आधी शाकाहार, कारण बहुतेकांना वाटतं की तो आपण पाळतोच. त्या रात्री मी भासऱ्यांचं ताट नीट पाहिलं. कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, गव्हाच्या चार पोळ्या, त्यावर दोन वेळा भात, बटाट्याचा रस्सा आणि पातळ वरण. पाच माणसांच्या वरणाला जाऊबाईंनी एक वाटी तूरडाळ घेतली होती, म्हणजे साधारण 100 ग्रॅम. तेवढ्या डाळीत 22 ग्रॅम प्रथिनं असतात. वाट्याला साडेचार ग्रॅमही आली नाहीत. साठ किलोच्या माणसाला दिवसाला पन्नासेक ग्रॅम लागतात. बाकी ताट बहुतेक कर्बोदकांचंच. शिवाय एकादशीला साबुदाण्याची उसळ, आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. माळ आपल्याला मटणापासून दूर ठेवते. साबुदाण्यापासून आणि दिवसाच्या पाच गोड चहांपासून दूर राहणं आपलं आपल्यालाच करावं लागतं.

आमच्या लहानपणी वऱ्हाडात घरची ज्वारी होती. आता वावरात सोयाबीन-कपाशी आणि ताटात कंट्रोलचं धान्य. अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य गटाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, 2023 पासून ते फुकट आहे. त्यानं कित्येक घरांची चूल पेटती राहिली, ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्या पाच किलोंत डाळ नाही. भंडारा-गोंदियाकडे तर आधीपासूनच दोन्ही वेळ भात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2023 साली आलेल्या पाहणीत देशात 10 कोटी 10 लाख मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. त्यात माळकरीही आलेच.

शाकाहारात खोट नाही. चून (पिठलं), बरबटीची (चवळीची) उसळ, हरभरा, आंबाडीची भाजी, जवसाची नाहीतर कराळाची चटणी, वाटीभर ताक असं ताट भरलं आणि धान्य निम्म्यावर आणलं, तर वजनही उतरतं, शुगरही. हळूहळू उतरतं, एवढंच.

नणंदोयांचा मार्ग वेगवान आहे, आणि त्यांचा अनुभव खोटा नाही. घरच्या काट्यावर मी तोलून पाहिलं: आमच्या एका भाकरीला 70 ग्रॅम पीठ लागतं, त्यात 47 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. लो-कार्ब म्हणजे साधारणपणे दिवसाला 130 ग्रॅमच्या आत. तीन भाकरी खाल्ल्या की दिवसाचा हिशेब संपला. कीटोत, म्हणजे कर्बोदकं जवळजवळ बंदच करणाऱ्या आहारात, तर एका भाकरीतच. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो झपकन जातात, ते बरंचसं पाणी असतं. शरीरात साठवलेली साखर खर्च होते आणि तिनं धरून ठेवलेलं पाणीही निघून जातं. चरबी त्यानंतर उतरते. शुगर मात्र खरंच लवकर खाली येते, आणि मधुमेह्यासाठी हा मोठा फायदा आहे.

पण वर्षभरानंतर काय? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठानं 609 लोकांवर केलेला प्रयोग 2018 साली प्रसिद्ध झाला. कमी तेल-तूप खाणाऱ्यांचं वजन वर्षात सरासरी 5.3 किलो उतरलं, कमी कर्बोदकं खाणाऱ्यांचं 6 किलो. हा फरक नगण्यच. दोन्ही गटांना भाज्या भरपूर खायला आणि साखर-मैदा टाळायला सांगितलं होतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते. शुगरसाठी ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना डॉक्टरांना न विचारता भाकर बंद करू नका. औषध तेवढंच आणि पोटात कर्बोदकं नाहीत, मग शुगर एकदम खाली जाते, घाम फुटतो, माणूस वावरात कोसळतो. शुगरचीच डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी असेल, तर शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो. सुरुवातीला मीठ-पाणीही जास्त जातं. मे महिन्याच्या 45 डिग्रीत कुणी हे सुरू करू नये. किडनी कमजोर असलेल्यांनी आणि गरोदर बाईनं तर नाहीच.

शिवाय नणंदोई रोज चार अंडी आणि चिकन खातात. माळकऱ्यानं भाकर सोडली तर खायचं काय? पनीर आणि शेंगदाणे. रोजचं पनीर आमच्यासारख्या घरात परवडत नाही.

व्हीगन आहाराच्या बाजूनं वजनाचा पुरावा चांगला आहे. अमेरिकेतल्या ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या लोकांच्या 2009 सालच्या अभ्यासात व्हीगनांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) सरासरी 23.6, दूध-अंडी खाणाऱ्या शाकाहाऱ्यांचा 25.7 आणि मांसाहाऱ्यांचा 28.8 निघाला. पण आपल्याकडे बीएमआय 23 झाला की वजन जास्त धरतात, हे विसरू नका. प्रथिनांची अडचण विदर्भात तरी नसावी. सोयाबीनमध्ये शेकडा 36 च्या आसपास प्रथिनं असतात, आणि आपण ते पोत्यानं विकून टाकतो! दहा किलो गव्हात किलोभर भाजलेलं सोयाबीन टाकून दळून आणलं, तर पोळीची चव फारशी बदलत नाही.

अडचण बी-12 या जीवनसत्त्वाची. ते वनस्पतीत मिळत नाही, म्हणून व्हीगन व्हायचं तर गोळी कायमची. कॅल्शियमसाठी तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला नेमानं हवा. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत व्हीगनांची हाडं जास्त मोडलेली दिसली. बी-12 दूध पिणाऱ्या शाकाहाऱ्यांतही कमी निघतं, आणि शुगरच्या मेटफॉर्मिन गोळीनं आणखी घटतं. पायाला मुंग्या येतात, माणूस समजतो शुगरमुळे.

आणि वजन उतरवणं ही सगळ्यांची गरज नाही. निंदणाला जाणारी, अंगात रक्त कमी असलेली चाळीस किलोची बाई यातलं काहीही सोडायच्या भानगडीत पडू नये. तिच्या ताटात डाळ, गूळ-शेंगदाणे आणि चालत असेल तर अंडं वाढलं पाहिजे.

आणखी एक: घरात एकासाठी वेगळं रांधायचं, ते कोण रांधणार? आमच्या जाऊबाई सकाळी सहाला वावरात असतात.

म्हणून भासऱ्यांना मी माळही सोडू दिली नाही, ताकही नाही. पोळ्या चाराच्या दोन, त्याही सोयाबीन टाकलेल्या, भात एकदाच, तोही मूठभर, वरणाला दोन वाट्या डाळ, सगळ्यांसाठीच, चहा बिनसाखरेचा, एकादशीला भगर थोडी आणि दही-शेंगदाण्याची काकडी जास्त. बी-12 तपासलं, कमी निघालं, डॉक्टरांनी गोळी दिली. पहिले आठ दिवस ते रात्री उठून डब्यात पोळी शोधत होते. आता शोधत नाहीत. तीन महिन्यांची सरासरी शुगर दिवाळीनंतर तपासायची आहे.