कोल्ड ईमेलचं टूल, आठ महिन्यांनंतर: आधी तो ‘ओपन’चा आकडा बंद करा

कोल्ड ईमेल, म्हणजे अनोळखी संभाव्य गिऱ्हाइकांना आपणहून पाठवलेले मेल. त्याचं एक टूल आठ महिने वापरतोय, आणि वार्षिक प्लॅन घ्या म्हणून टूलवाल्यांचे मेलवर मेल येताहेत, म्हणून हे लिहायला घेतलं. टूलचं नाव देत नाही. या वर्गातली बहुतेक टूल्स एकाच साच्यातली आहेत. मेलबॉक्स जोडा, यादी चढवा, तीन-चार मेलांची मालिका लावा, ‘स्टार्ट’ दाबा. इथला वापर छोट्या कारखान्यांसाठीचं, मालाच्या साठ्याचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर विकण्याचा. गिऱ्हाईक म्हणजे भोसरी, चाकण, सातपूरचे वर्कशॉपवाले.

तक्रार मुख्यतः एकच. ओपन ट्रॅकिंग, म्हणजे मेल कोणी उघडला ते मोजणं, प्रत्येक नव्या मोहिमेत आपोआप चालू असतं. पूर्ण खात्यासाठी एकदाच बंद करायची सोय नाही. ट्रॅकिंग बंद केलेली जुनी मोहीम कॉपी केली तरी नव्यात ते पुन्हा चालू! सपोर्टचं उत्तर: कॅशे क्लिअर करून बघा.

एवढ्याशा बटणावर इतका राग का? ट्रॅकिंग म्हणजे मेलमध्ये खुपसलेलं एक पिक्सेलचं अदृश्य चित्र. ते मागवलं गेलं की टूल ‘उघडला’ म्हणतं. पण ॲपलच्या मेल ॲपमध्ये २०२१पासून गोपनीयतेची सोय आहे. ती चालू असली की माणसाने मेल बघितला नाही तरी चित्रं आधीच उतरवली जातात. कंपन्यांची सुरक्षा-गाळणी तर लिंकसुद्धा दाबून बघते. मग ‘उघडला पण उत्तर नाही’ या अटीवर लावलेला दुसरा मेल यंत्राच्या उघडण्यावर सुटतो. आणि ते चित्र, त्या लिंका टूलच्या सामायिक डोमेनवरून, म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकांसाठी एकाच वेबपत्त्यावरून, जातात. त्याच डोमेनवरून दुसरा कुणी कचरा पाठवत असेल तर त्याचं पाप आपल्या मेलला चिकटतं. क्लिक मोजायचेच असतील तर स्वतःचं सबडोमेन सीनेमने (एक पत्ता दुसऱ्याकडे वळवणाऱ्या डीएनएस नोंदीने; डीएनएस म्हणजे डोमेनची नोंदवही) जोडा, आणि त्यावर एसएसएल (सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र) बसलंय का ते स्वतः लिंक दाबून बघा. नाहीतर गिऱ्हाइकाला ब्राउझरची लाल पाटी दिसते. पहिल्या मेलमध्ये लिंकच न देणं सगळ्यात बरं.

डोमेनचं काम एका दुपारचं आहे, पण चुका ठरलेल्या. मूळ डोमेनवरून कोल्ड मेल पाठवू नका. त्याची पत गेली की ग्राहकांचे ओटीपी आणि बिलंही स्पॅममध्ये जातात. मिळत्याजुळत्या नावाचं वेगळं डोमेन घ्या, ते मूळ साइटकडे वळवा. एसपीएफची नोंद, म्हणजे आपल्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुणाला ते सांगणारी ओळ, एका डोमेनला एकच. मेलबॉक्सवाल्याची एक आणि टूलवाल्याची दुसरी अशा दोन ठेवल्या की तपासणी दोन्ही नाकारते. दोघांचे ‘इन्क्लूड’ (परवानगीचे उल्लेख) एकाच ओळीत घाला, आणि डीएनएसच्या विचारणा दहाच्या आत ठेवा. डीकेआयएम, म्हणजे मेलवरची डिजिटल सही, २०४८ बिटचं. डीमार्क, म्हणजे या तपासण्यांत नापास मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद, आधी ‘नन’वर (काही करू नका) ठेवून दोन आठवडे अहवाल बघा, मग ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका).

एका बाबतीत मत बदललं. मेलबॉक्समागे रोज ३० मेल ही टूलची शिफारस सुरुवातीला कंजूषपणाची वाटली होती. आता ती बरोबर वाटते. तीन मेलबॉक्स, रोज ३०, महिन्याला २२ दिवस: १,९८० मेल. जीमेलच्या २०२४च्या नियमांत स्पॅम तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली हवं. म्हणजे महिनाभराच्या मेलांवर सहा तक्रारी झाल्या की रेषा ओलांडली. एका दिवसाच्या ९० मेलांत एकाने जरी ‘स्पॅम कळवा’ दाबलं तरी त्या दिवसाचा दर १.१ टक्के. आणि वर्कशॉपवाल्यांचे पत्ते बहुतेक जीमेलचेच.

गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये, म्हणजे पाठवणाऱ्याला तक्रारींचा दर दाखवणाऱ्या सेवेत, शून्य दिसलं म्हणून हुरळू नका. तो दर इनबॉक्समध्ये पोचलेल्या मेलांवर काढतात. सगळेच मेल थेट स्पॅममध्ये पडत असतील तर तक्रार करणार कोण? इतक्या कमी मेलांवर तिथे बऱ्याचदा आकडाच दिसत नाही. म्हणून दर सोमवारी दोन-तीन ओळखीच्या पत्त्यांवर मेल पाठवून कुठे पडतो ते डोळ्यांनी बघणं भाग आहे.

‘वॉर्म-अप’, म्हणजे अनोळखी मेलबॉक्सांनी आपापसांत खोटी उत्तरं देणं, बंदच ठेवा. पहिल्या आठवड्यात रोज पाच, दुसऱ्यात दहा, आणि तेही ओळखीतल्या, उत्तर देणाऱ्या माणसांना.

आता एक भयंकर खोच. ‘एका कंपनीतून उत्तर आलं की त्या कंपनीचे बाकीचे मेल थांबव’ ही सोय छान वाटते. पण हे टूल कंपनी ओळखतं ते डोमेनवरून. एका जीमेलवाल्याचं उत्तर आलं की यादीतले सगळे जीमेलवाले एकाच कंपनीचे ठरून थांबतात. स्क्रीनवर ‘पूर्ण’ असं हिरव्या अक्षरात दिसतं, चूक म्हणून कुठेही नाही. ही सोय फक्त स्वतःचं डोमेन असणाऱ्यांच्या यादीला लावा, जीमेल-रेडिफवाल्यांची यादी वेगळी.

पैशाचं: पैसे पाठवलेल्या मेलांवर नाही, साठवलेल्या पत्त्यांवर लागतात. परत आलेले मेलेले पत्तेही मोजतात, म्हणून महिनाअखेरीस उडवा. पण त्याआधी ‘नको’ म्हणणाऱ्यांची यादी उतरवून घ्या, नाहीतर पुढच्या खेपेला त्याच माणसाला पुन्हा मेल जातो. परदेशी सेवा असल्याने १८ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी आपणच, आधी रोखीने भरायचा, त्याचं क्रेडिट (वजावट) नंतर.

अनपेक्षित चांगली गोष्ट म्हणजे उत्तरांचा एकत्रित इनबॉक्स. ‘फोन करा’ एवढंच लिहिलेलं उत्तरसुद्धा तो वर आणतो, आणि वर्कशॉपवाल्यांची उत्तरं बहुतेक तेवढीच असतात. जेवणाच्या सुट्टीनंतर फोन करा, सकाळी माल उतरत असतो. त्या एका इनबॉक्ससाठी मासिक प्लॅन चालू ठेवतोय. वार्षिक सवलत मात्र नको, ते बटण खात्यासाठी एकदाच बंद करता येईपर्यंत तरी नाही.