‘ते बंद आहे, मी दुसरीकडं नेतो’ : कोल्हापुरातली एक दुपार

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा जण कोल्हापूरला गेलो होतो. मी, नवरा, चौदा आणि आठ वर्षांची दोन मुलं, नणंद आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई. अंबाबाईचं दर्शन घ्यायचं, रंकाळ्यावर फिरायचं आणि मनासारखं जेवायचं, एवढाच बेत. पहिल्याच दुपारी जेवणात आमची जी फसवणूक झाली ती सविस्तर लिहिते आहे, कारण असली हॉटेलं आणि तिथं नेणारे रिक्षावाले काय काय करतात ते आधी कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्या दारातून परत फिरलो असतो.

महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी उतरलो, भवानी मंडपाजवळच्या लॉजवर अंघोळी केल्या, नऊ वाजता पोहे खाल्ले आणि साडेदहाला रांगेत उभे राहिलो. शनिवार होता, भाऊबीज होऊन दोनच दिवस झालेले. दर्शन होऊन बाहेर पडलो तेव्हा सव्वादोन वाजले होते. सासूबाईंना मधुमेह आहे. सकाळची गोळी घेतलेली, पोटात फक्त ते पोहे. महाद्वार रोडवर आलो तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. पर्समधली खडीसाखर तोंडात टाकली, पण आता त्यांना ताबडतोब जेवायला बसवणं भाग होतं. पुढचं सगळं या घाईमुळे घडलं, म्हणून हे आधी सांगितलं.

डोंबिवलीत आमच्या शेजारच्या काकू मूळच्या कागलच्या. त्यांनी दोन खानावळींची नावं कागदावर लिहून दिली होती. देवळाच्या आसपास गाड्यांना मज्जाव होता, म्हणून बिंदू चौकापर्यंत चालत गेलो आणि पहिल्या रिक्षावाल्याला त्यातलं एक नाव सांगितलं. तो लगेच म्हणाला, “ताई, ते आज बंद हाय. आणि दुसरं म्हणतासा तिथं दोन तास वेटिंग. म्हाताऱ्या आईस्नी घेऊन कुठं उभं ऱ्हाणार? मी नेतो की चांगल्या ठिकाणी. त्यांच्याच भावाचं हाय, साडेतीनशेला थाळी, लई भारी.” दुसरी रिक्षा त्यानंच हाक मारून बोलावली.

खानावळ बंद नव्हती. संध्याकाळी आम्ही त्याच रस्त्यानं चालत गेलो तेव्हा ती उघडी दिसली. नवऱ्यानं आत जाऊन विचारलं, तर दुपारीही चालूच होती आणि अर्ध्या तासात जागा मिळाली असती. कुणाच्या भावाचं दुसरं हॉटेलही नव्हतं. कुठल्याही गर्दीच्या गावात ‘ते बंद आहे’ असं वाहनचालकाकडून ऐकलंत तर तिथल्या तिथे त्या हॉटेलला फोन करा. आमच्याकडे काकूंनी लिहून दिलेला नंबर होता. सासूबाईंच्या काळजीत तो लावायचं कुणालाच सुचलं नाही.

रिक्षा शहराबाहेर हमरस्त्याच्या कडेला नेल्या, पंधरा-वीस मिनिटं लागली. प्रत्येक रिक्षाचे दीडशे रुपये घेतले. हॉटेल मोठं, बाहेर फलकावर ‘थाळी २५० पासून’. आत शिरताना एक गोष्ट नजरेला पडली होती, तिचा अर्थ मला नंतर लागला: प्रत्येक टेबलापाशी प्रवासाच्या बॅगा आणि प्रत्येकाच्या कपाळावर देवळातलं कुंकू. गावातला माणूस एकही नव्हता. उद्या परत न येणाऱ्यांसाठीच ते हॉटेल चालतं.

बसायच्या आधीच वेटरनं सहा बाटल्या फोडून समोर ठेवल्या. मेन्यूकार्ड मागितलं तर म्हणाला, “फक्त थाळीच हाय ताई. चार मटण, दोन व्हेज, बरोबर?” भिंतीवर दरफलक नव्हता. मागून कार्ड आलं त्यावर पदार्थांची नावं होती, आकडे नव्हते. तेव्हाच उठायला हवं होतं. पण सासूबाईंनी डोकं भिंतीला टेकवलं होतं आणि बाहेर रिक्षा उरली नव्हती.

जेवणाबद्दल लिहिताना मला आजही वाईट वाटतं. काकूंच्या हातचा पांढरा रस्सा मी खाल्लाय. मटणाचं अळणी पाणी, त्यात नारळाचं दूध, तीळ-खसखशीचं वाटण, हलका मिरीचा वास. पातळ असतो, पण घोटाघोटाला मटणाची चव लागते. इथे वाटीत आलं ते पीठ लावून दाट केलेलं, चव नसलेलं पांढरं पाणी. तांबड्यावर रंगीत तेलाचा थर, खाली मटणाचा मागमूस नाही. चार थाळ्यांत मिळून खाण्यासारखे दहा तुकडे नसतील, बाकी हाडं. सासूबाईंच्या व्हेज थाळीतली भाकरी इतकी वाळलेली की त्यांना चावेना. त्यांनी वरणभाताचे चार घास आणि पर्समधली दोन बिस्किटं खाल्ली.

वेटर मात्र सारखा येत होता. “रस्सा घ्या की ताई, कोल्हापूरला येऊन रस्सा नको म्हणतासा?” अशा आग्रहानं आठ वाट्या ठेवल्या. थाळीसोबत रस्सा लागेल तेवढा वाढतात हे आम्हाला ठाऊक होतं, म्हणून त्या वेगळ्या असतील अशी शंकाही आली नाही. सोलकढीचे चार ग्लास आले, तेही न मागता.

मग बिल आलं. साध्या कागदावर, हातानं लिहिलेलं. चार स्पेशल मटण थाळ्या प्रत्येकी ५५०, म्हणजे २,२००. दोन व्हेज ३५० प्रमाणे ७००. जादा रस्सा आठ वाट्या ६० प्रमाणे ४८०. पाणी ४० प्रमाणे २४०. सोलकढी ७० प्रमाणे २८०. बेरीज ३,९००. त्यावर सर्व्हिस चार्ज १० टक्के, ३९०. आणि त्या सगळ्यावर जीएसटी ५ टक्के, २१४ रुपये ५० पैसे. एकूण ४,५०४.५०, वर ‘पूर्णांक’ म्हणून ४,५०५.

नवऱ्यानं विचारलं, स्पेशल कुणी मागितली? गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, साधी संपली होती. रस्सा? “तुम्ही घेतलासा की.” साडेतीनशेचं काय? “रिक्षावाल्याला विचारा.” मागे लोक ताटकळत उभे, आवाज चढू लागले. सासूबाई म्हणाल्या, “दे रे बाबा, देवीच्या दारी आलोय, वाद नको.” आम्ही पैसे दिले. क्यूआर कोडवर हॉटेलचं नाव नव्हतं, एका व्यक्तीचं होतं. त्याचा स्क्रीनशॉट आणि बिलाचा फोटो मी तिथेच काढून ठेवला. रागाच्या भरात तेवढं एक शहाणपणाचं काम झालं.

या बिलातल्या दोन गोष्टी नुसत्या महाग नव्हत्या, चुकीच्या होत्या, आणि त्या प्रत्येकाला माहीत असायला हव्यात. सर्व्हिस चार्ज हा कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ रोजी सांगितलं की हॉटेलांनी तो आपोआप बिलात लावायचा नाही आणि दुसऱ्या कुठल्या नावाखालीही घ्यायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं प्राधिकरणाचं म्हणणं उचलून धरलं. द्यायचा की नाही हे गिऱ्हाईकानं ठरवायचं. दुसरी गोष्ट जीएसटीची. तो लावायचा तर बिलावर नोंदणी क्रमांक हवा. पंधरा अक्षरं-आकड्यांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ नं. आमच्या बिलावर तो नव्हताच. छोटी हॉटेलं पुष्कळदा कंपोझिशन योजनेत असतात. त्यांनी कर स्वतःच्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाईकाकडून वेगळा घ्यायचा नसतो. म्हणजे क्रमांकाशिवाय घेतलेले ते २१४ रुपये ५० पैसे सरकारच्या नावानं उकळलेले होते. खाद्यपदार्थांच्या परवान्याचा चौदा आकडी क्रमांकही बिलावर असायला हवा. तोही नव्हता.

परतताना जो रिक्षावाला मिळाला त्यानं मीटर टाकला आणि चेहरे पाहून स्वतःच विषय काढला. म्हणाला, सुट्टीत तिथं माणशी पन्नास रुपये मिळतात. सहा जणांचे तीनशे झाले, भाडं वेगळं. “आमच्यातलीच चार पोरं करत्यात, आणि नाव सगळ्या गावाचं जातंय.” हे बोलताना त्याला खरंच लाज वाटत होती. तो आम्हाला बिंदू चौकात सोडून मीटरप्रमाणेच पैसे घेऊन गेला. त्या गावाबद्दल माझ्या मनात अढी राहिली नाही याचं पहिलं कारण तो.

दुसरं कारण देवळाबाहेर ओटीचं सामान विकणाऱ्या मावशी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडून खण-नारळ घेताना सासूबाईंनी सहज कालची गोष्ट सांगितली. मावशींनी कपाळावर हात मारला. “रिक्षावाल्यानं नेलं व्हय? आवं, आमाला विचारायचं की. आमी इथंच बसतो वर्षभर, आमी जेवतोच की कुठंतरी.” भाविकांसाठी जवळच अन्नछत्र आहे आणि दुपारी तिथे मोफत जेवण मिळतं हेही त्यांनीच सांगितलं. आदल्या दिवशी सासूबाईंना तिथे ऊन ऊन भात मिळाला असता, दोन मिनिटांच्या अंतरावर. हे मला फार लागलं.

मावशींनी एका गल्लीतली खानावळ सांगितली आणि बजावलं, साडेअकराला जावा, एकनंतर गर्दी. आम्ही साडेअकराला गेलो. सहा टेबलं, दारात पाटी, पाटीवर खडूनं लिहिलेलं: मटण ताट २८०, शाकाहारी १४०, रस्सा मोफत. शेजारच्या टेबलावर गावातलेच तिघे जेवत होते. वाढणाऱ्या काकूंनी धाकट्याला आपणहून अळणी रस्सा दिला, तिखट झेपणार नाही म्हणून. सासूबाईंसाठी भाकरी तव्यावरून थेट ताटात आली. त्या दोन भाकरी जेवल्या. सहा जणांचे १,४०० रुपये झाले.

त्यानंतरचे दीड दिवस आम्ही सगळं असंच विचारून खाल्लं. लॉजच्या वॉचमननं मिसळीचं ठिकाण सांगितलं, आणि सकाळी आठच्या आत जा, उशीर केलात तर कट संपतो, असंही. मुलांना मिसळीबरोबर पावाऐवजी ब्रेडचे स्लाइस आले याचं नवल वाटलं, पण इथे तशीच रीत आहे. संध्याकाळी खासबागेजवळ भेळ खाल्ली. रात्री गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो. तिथे म्हैस समोर पिळून फेसाळ दूध ग्लासात देतात. माझ्या चौदा वर्षांच्या मुलानं, जो घरी दुधाला हात लावत नाही, दोन ग्लास प्यायले. यातलं काहीच महाग नव्हतं, आणि प्रत्येक ठिकाणी भाव एक तर लिहिलेला होता किंवा विचारल्याबरोबर सांगितला गेला.

आता आम्ही सुट्टीत बाहेर पडतो तेव्हा माझ्या बॅगेत सासूबाईंसाठी दशम्या आणि केळी असतात. भूक अनावर झालेली असताना हॉटेल शोधायचं नाही, हे मी घरात सगळ्यांना बजावून ठेवलंय. टेबलावर बाटली फोडायला कुणी आलं तर मी आधी थांबवते. थाळीत काय येतं, काय वेगळं लागतं आणि एकूण किती, हे बसण्याआधी मोठ्यानं विचारते. सुरुवातीला नवऱ्याला संकोच वाटायचा. आता तोच विचारतो.

घरी आल्यावर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बिलाचा फोटो आणि स्क्रीनशॉट जोडला, तक्रार क्रमांक मिळाला. काही आठवड्यांनी कळवलं गेलं की हॉटेलकडून उत्तर आलं नाही. मग एका वकील मैत्रिणीनं समजावलं: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडेही तक्रार करता येते, कोल्हापूरला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. सर्व्हिस चार्ज आणि जीएसटीचे मिळून ६०४ रुपये ५० पैसे परत मागणारा अर्ज मी लिहून ठेवलाय. नणंद विचारते, एवढ्याशा पैशासाठी? त्या दिवशी त्या हॉटेलात आमच्यासारखी किमान वीस टेबलं भरलेली होती. अर्जाला बिलाची झेरॉक्स जोडली आहे. सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून ठाण्याला जाऊन तो देणार आहे.