डागांवर औषध घेतलं आणि डागच वाढले

आईला शुगर होऊन १२ वर्षं झाली. मागच्या वर्षी तिच्या हातांवर कुठे काही लागलेलं नसताना काळेनिळे डाग यायला लागले, नडग्यांवरचे तपकिरी डाग तर आधीपासूनच होते. डॉक्टरांना विचारायचं सोडून मी मोबाईलवर शोधत बसले, चूक माझीच. तिथे एक 'तज्ज्ञ' भेटला, फोटो मागवले आणि पाच मिनिटांत निदान, म्हणे रक्तातली साखर कातडीतून बाहेर पडतेय, तीन महिन्यांचा कोर्स करा, साइड इफेक्ट झीरो.

आणि खरं सांगते, पहिल्या दोन आठवड्यांत आईला एकदम मस्त वाटायला लागलं! गुडघे दुखायचे थांबले, भूक वाढली, चेहरा भरला. आम्ही खूश होऊन दुसरा डबा मागवला. पण उपाशीपोटीची शुगर १४० च्या आसपास असायची ती २६० वर गेली, तर हा म्हणतो रोग निघताना आधी उसळतो, आणि आम्ही ऐकलं पण (आता हसू येतं, तेव्हा पटलं होतं). मग हातांची कातडी कागदासारखी पातळ झाली, बांगडी घासली तरी जांभळा डाग.

शेवटी डॉक्टरांनी डबा बघितला. घटक लिहिलेले नाहीत, बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. म्हणाले यात स्टिरॉइड मिसळलेलं असणार, दुखणं दबतं, चेहरा सुजतो, शुगर चढते, कातडी पातळ होऊन डाग पडतात, सगळं त्यातच बसतं. सकाळचं कॉर्टिसॉल (शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड) तपासलं तर खूप कमी, म्हणजे शरीराने स्वतःचं बनवणंच कमी केलेलं. म्हणून कुणी असलं काही घेत असाल तर मनानेच एकदम बंद करू नका, डबा घेऊन डॉक्टरकडे जा, आईला सुद्धा डॉक्टरांनी स्वतः स्टिरॉइडची गोळी देऊन ती हळूहळू कमी करत आणली.

आणि पहिले डाग? प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) नॉर्मल होत्या. वयाने नाजूक झालेली कातडी, त्यात हार्टसाठी चालू असलेली रक्त पातळ करणारी ॲस्पिरिन, बस. ती गोळी डॉक्टरांनी चालूच ठेवली. नडग्यांवरचे म्हणजे डायबेटिक डर्मोपथी, शुगरवाल्यांमध्ये बऱ्याच जणांना होते, त्याला औषध लागतच नाही.

त्या माणसाकडे पैसे मागितले तर आधी म्हणाला पथ्य पाळलं नाही तुम्ही, मग ब्लॉक. हातांवरचे डाग आता कमी झालेत, नडग्यांवरचे आहेत तिथेच आहेत.