हर्बेरियमची नावं लावताना: ओपनरिफाइन आणि जोडीच्या साधनांचा काही महिन्यांचा अनुभव

आमच्या कॉलेजच्या हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाची, यादी बरीच वर्षं एक्सेलमध्ये पडून होती. वेगवेगळ्या बॅचच्या विद्यार्थ्यांनी लेबलं बघून टाइप केलेली. त्यामुळे एकच इपोमिया चार स्पेलिंगांत, कुठे नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव पुढे लावलेलं, कुठे गाळलेलं. जुन्या शीट्सवरची (नमुना चिकटवलेल्या कागदांवरची) नावं थिओडोर कुक यांच्या १९०१ ते १९०८ दरम्यान निघालेल्या मुंबई इलाख्याच्या फ्लोराप्रमाणे (वनस्पतींच्या वर्णनग्रंथाप्रमाणे), तर अलीकडच्या शीट्सवर आजची. ही यादी आहे तशी कोणाला देण्यात अर्थ नव्हता. गेल्या पावसाळ्यापासून ती ओपनरिफाइन या माहिती साफ करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली आहे आणि रोज थोडी थोडी पुढे सरकते आहे.

ओपनरिफाइन फुकट आहे. २०१० मध्ये ते गूगल रिफाइन नावाने आलं, २०१२ पासून स्वयंसेवकांच्या हाती आहे. उघडतं ब्राउजरमध्ये, पण माहिती आपल्याच संगणकावर राहते. हा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो, कारण आमच्या यादीत दुर्मिळ वनस्पतींची नेमकी ठिकाणंही आहेत आणि ती बाहेर जाता कामा नयेत. नावं तपासायला इंटरनेटवर जातो तेव्हा फक्त नावांचा कॉलम पाठवायचा, बाकी काही नाही.

स्पेलिंगच्या कामात याला तोड नाही. 'क्लस्टर' दाबलं की सारखी दिसणारी नावं एकत्र समोर येतात, कोणतं ठेवायचं ते आपण ठरवायचं. प्रत्येक पायरीची नोंद डाव्या बाजूला राहते, हवी तितकी मागे घेता येते, आणि तीच पायऱ्यांची यादी उतरवून दुसऱ्या फाईलवर जशीच्या तशी चालवता येते. महिन्याचं काम आठवड्यात होतं असं मी खात्रीने सांगेन.

मात्र क्लस्टरिंगची पद्धत समजून घेतल्याशिवाय 'सगळे निवडा' दाबू नका. 'फिंगरप्रिंट' पद्धत शब्द सुटे करते, क्रमाने लावते आणि दोनदा आलेला शब्द एकदाच धरते. वनस्पतींना त्याचा त्रास नाही, कारण जीनस (नावाचा पहिला शब्द, जवळच्या जातींचा गट) आणि जातीला हुबेहूब तोच शब्द वनस्पतींच्या नियमांत चालत नाही. प्राण्यांत चालतो. आमच्या प्राणिशास्त्र विभागाने शंखशिंपल्यांची यादी याच कामात जोडली, तिच्यात 'फायकस फायकस' नावाचा अंजिराच्या आकाराचा शंख आहे. या पद्धतीत तो आणि नुसता 'फायकस' लिहिलेला, जातीपर्यंत न ओळखलेला नमुना एकाच गटात पडतात.

फायकसची गंमत इथेच संपत नाही. वड, पिंपळ, उंबर यांचा जीनसही फायकसच. वनस्पती आणि प्राण्यांच्या नावांच्या नियमसंहिता स्वतंत्र असल्याने हे चालतं. इतकंच काय, 'फायकस व्हेरिगेटा' हे अख्खं नाव दोन्हीकडे आहे: र्‍योडिंग यांनी १७९८ मध्ये शंखाला दिलेलं आणि पुढे ब्लूम यांनी झाडाला दिलेलं. म्हणून सृष्टीचा कॉलम, म्हणजे वनस्पती की प्राणी, पहिल्याच दिवशी भरा आणि नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाचा कॉलम टाकून देऊ नका.

स्पेलिंग झालं की नावं जीबीआयएफ या जीवविविधतेच्या जागतिक माहितीसाठ्याच्या नावं जुळवणाऱ्या साधनात आणि ग्लोबल नेम्स व्हेरिफायरमध्ये घालतो. दुसरं शंभराहून अधिक स्रोत एकदम चाळतं. जीबीआयएफचा निकाल तंतोतंत, अंदाजे, फक्त वरच्या श्रेणीत (जातीऐवजी जीनस किंवा कुळापर्यंत) जुळलं, किंवा जुळलंच नाही, असा येतो. 'वरची श्रेणी' आलेल्या ओळी एकेक करून बघाव्यात. कुंभ्याच्या कॅरेया जीनसमधला एक 'ई' टाइप करताना गळला की तो कॅरिया होतो, आणि कॅरिया हा अक्रोडाच्या कुळातला खराखुरा जीनस आहे, म्हणून साधन तेवढ्यावरच जुळवून मोकळं होतं.

बाभूळ, खैर यांच्याबाबत साधनं बिनचूक मदत करतात. अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे राहील हे २००५ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ठरलं, २०११ मध्ये मेलबर्नला कायम झालं. तेव्हापासून बाभूळ व्हॅचेलिया आणि खैर सेनेगालिया. झाड तेच, नाव नवं, शीट उघडायची गरज नाही.

टाकळ्याचं तसं नाही. जुन्या लेबलांवर 'कॅसिया टोरा' असतं, साधन लगेच 'सेना टोरा' देतं, आणि नावापुरतं ते बरोबरच असतं. पण सेना ऑब्ट्युसिफोलिया हे अगदी तसंच दिसणारं झुडूप पूर्वी सर्रास याच नावाखाली गोळा केलं गेलं. शीट काढून भिंगाखाली पानाचा मधला दांडा बघितला की कळतं: टोरामध्ये खालच्या दोन्ही पर्णिकाजोड्यांमध्ये एकेक ग्रंथी असते, ऑब्ट्युसिफोलियात फक्त सर्वांत खालच्या जोडीत. फुलाचा देठही टोरात आखूड. आमच्या काही शीट्सवर एकच ग्रंथी निघाली. कॉलममधलं नाव कितीही शुद्ध केलं असतं तरी या शीट्स चुकीच्याच नावाखाली राहिल्या असत्या. म्हणून अशा जोडगोळ्यांसाठी यादीत 'शीट बघणे' असा वेगळा कॉलम ठेवला आहे, आणि माझ्या मते अख्ख्या यादीत तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

लेबलावरचं मूळ नाव मात्र कधीही पुसू नका. डार्विन कोअर या जीवविविधतेच्या नोंदींच्या ठरावीक रकान्यांच्या पद्धतीत जसंच्या तसं नाव ठेवायला स्वतंत्र रकाना आहे, तो वापरा. ओळख पक्की नाही हे सांगणारं 'सीएफ' वगैरे त्याच्या वेगळ्या रकान्यात जातं. मान्य नावापुढे कोणत्या स्रोतावरून आणि कोणत्या तारखेला घेतलं हेही लिहा. शिवनेरीच्या कड्यावरची फ्रेरिया इंडिका ही वनस्पती घ्या: कोणी ती फ्रेरियाच मानतं, कोणी बौसेरोशिया फ्रेरी म्हणतं. दोन यादींत दोन उत्तरं आली तर साधन बिघडलेलं नसतं, तज्ज्ञांचीच मतं वेगळी असतात. आपण एक स्रोत निवडावा आणि संग्रहभर तोच पाळावा.

साधा जुना संगणक असला तरी चालतो. फाईल मोठी असेल तर सेटिंगमध्ये मेमरी वाढवावी लागते. सगळं मराठीत नाही, पण विद्यार्थी दोन दुपारांत सरावतात. ज्या कॉलेजांत अशी कपाटं भरलेली आहेत त्यांनी एकाच कुळापासून सुरुवात करावी. शिंबावंत कुळ (बाभूळ, खैर, टाकळा यांचं) उत्तम, कारण वर सांगितलेल्या बहुतेक अडचणी त्यात एकत्रच भेटतात.